हिरव्या गाडीचे पाटे

पाना पहिल्यांदा पडला तेव्हा मी दाराशी बसून चहाचे ग्लास विसळत होते. लक्षच दिलं नाही. दुसऱ्यांदा पडला तेव्हा मान वर केली. तिसऱ्यांदा फरशीवर खणकन आवाज झाला आणि माझे वडील, आप्पा, गाडीखालून सरकत बाहेर आले, तिथेच भिंतीला टेकून बसले आणि आपला उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले.

हात थरथरत होता. थंडीनं कापतो तसा नव्हे. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सारखी घासत होती, तंबाखू मळावी तशी. आणि आप्पा तंबाखू खात नसत.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"शटर ओढ," आप्पा म्हणाले.

सकाळचे अकरा वाजले होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या वेळी कुणी शटर ओढत नाही. दोन्ही बाजूंना लेथ चालू होते, समोर वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. मी शटर अर्धं ओढलं.

"पुरतं ओढ."

आत अंधार झाला. मी दिवा लावला. मधोमध घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, ती हिरवी गाडी उभी होती, मागची दोन्ही चाकं काढलेली. दोनच सीटांची, वर टप नसलेली, लांब नाकाची विलायती गाडी. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी अण्णासाहेब शिरगुप्पे, त्यांच्या वडिलांनी पन्नास-बावन्न साली मुंबई बंदरातून उतरवून घेतलेली. वडील गेल्यावर अकरा वर्षं वखारीत धूळ खात पडली होती. इंजिन साहेबांनी पुण्याहून करून आणलं, रंगही दिला, पण मागची बाजू कुणालाच जमली नव्हती. खड्डा आला की गाडी मागून उडायची आणि वळणावर एका अंगाला झुकायची. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि साहेबांना ती गाडी त्यात स्वतः चालवायची होती. "बळवंत मेस्त्रीशिवाय हे काम होणार नाही," असं त्यांना तिघांनी सांगितलं होतं. हातात तीस दिवस होते.

"हिकडं ये," आप्पा म्हणाले. "हात घाल."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आई गेली तेव्हा नऊ वर्षांची. तेव्हापासून शाळा सुटली की गॅरेजमध्येच यायचे. दहावीनंतर तर दिवसभर तिथंच. चहा करायचा, फोन घ्यायचा, काढलेले भाग रॉकेलमध्ये धुवायचे. कुठल्या बोल्टला कुठला पाना लागतो ते आप्पांनी मागायच्या आधी मला कळायचं. पण गाडीला हात लावायचा नाही. एकदा मी जीपचे प्लग काढून साफ करून बसवले होते, तर आप्पांनी ते सगळे पुन्हा काढून पुन्हा बसवले. थोरला भाऊ संपत, त्याला सगळं शिकवलं होतं. त्याला काळं व्हायला आवडत नसे. तो सांगलीत ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये विक्रीला लागला होता, पांढरा शर्ट घालून.

"मी?" मी म्हटलं.

"मग काय शेजारच्याला बोलवू? उद्या सगळ्या उद्यमनगरात होईल, बळवंताचा हात गेला म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे शटरच्या आत ऱ्हाऊ दे, शालन. गाडी हुबी ऱ्हाऊ दे एकदा. मग मीच सांगतो सगळ्यांना. मेळाव्यात, साहेबांच्या म्होरं सांगतो, पोरीनं केली म्हणून."

मी साडीचा पदर खोचला आणि गाडीखाली गेले.

मागच्या बाजूला दोन्हीकडे पाटे होते. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या, मागचा सगळा भार त्यांच्यावर. त्यांची कमान पार बसली होती, पट्ट्या एकमेकींना गंजून चिकटल्या होत्या. पाट्याचं मागचं टोक ज्या दोन कड्यांच्या आधारानं चेसीला लोंबतं त्याला शॅकल म्हणतात. त्या शॅकलच्या पिना चाळीस वर्षांत कुणी काढल्या नव्हत्या. मी पहिल्या पिनेवर दीड दिवस घालवला. तेल सोडलं, गॅसनं तापवली, पुन्हा तेल सोडलं. आप्पा स्टुलावर बसून नुसते बोलत होते.

"मारू नको. तिला घाई न्हाई, तुला हाय. ऐक तिचं."

"काय ऐकू?"

"हातोडी टेकव नुसती. आवाज बद्द येतोय का? मग अजून धरून बसलीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज बदलला. मी एकच ठोका दिला आणि पीन अर्धा इंच सरकली. गाडीखालून बाहेर येऊन मी आप्पांकडे बघितलं. ते हसत होते. आई गेल्यापासून त्यांना मी तसं हसताना फार थोड्या वेळा बघितलं होतं.

पाटे उतरवले. एकेक पट्टी सुटी करून घासली. दोन तुटक्या निघाल्या, त्या नव्या घडवल्या. मागच्या बाजूला आप्पांच्या वडिलांची भट्टी होती, ती कित्येक वर्षांनी पेटवली. पट्टी किती लाल झाली की बाहेर काढायची, तेलात कशी सोडायची, आडवी सोडली तर वाकडी कशी होते, हे सगळं आप्पांनी त्या दहा दिवसांत मला सांगितलं. कधी कधी सांगता सांगता त्यांचा हात आपोआप पुढे यायचा, मग ते तो मांडीखाली दाबून ठेवायचे. माझे हात भाजले, नखं काळी झाली. घरी जाताना मी हात पदरात गुंडाळून जायचे.

मग बुश बसवायचा दिवस आला. पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात, त्यांत रबराचे बुश असतात. साहेबांनी ते परदेशातून मागवले होते. मी पाटे चढवले, बोल्ट घातले आणि सगळे दम लावून आवळले. घामाघूम होऊन बाहेर आले.

"झालं?"

"झालं."

"सगळे ढिले कर."

मला वाटलं चेष्टा करताहेत.

"गाडी घोडीवर हाय. पाटे लोंबत्यात," आप्पा म्हणाले. "आत्ता आवळलंस की रबर ह्याच जागी धरून बसलं. मग गाडी खाली आली, वजन पडलं, की ते पिळलं जातं. वरनं दिसत न्हाई काय. आतल्या आत फाटत जातं. महिन्याभरात चिंध्या. चाकं लाव, गाडी जमिनीवर घे, दोन माणसांचं वजन टाक. रबराला गाडीचं वजन कळू दे. मग आवळ." आणि थांबून म्हणाले, "हे संपतला पण सांगितलेलं न्हाई मी. त्यानं कधी विचारलं न्हाई."

मी सगळे ढिले केले.

गाडी जमिनीवर आली तर उजवीकडे झुकलेली. थोडीच, पाऊण इंच. पण वळणावर झुकते ती हीच खोड, हे दोघांनाही कळलं. आप्पा म्हणाले, खाली पत्र्याचा तुकडा घालू. मी दोरी लावून चारी कोपरे मोजले. रात्री अंथरुणावर पडल्यावरही मनात मोजतच होते. सकाळी म्हटलं, "आप्पा, दोन्हीकडची कमान सारखी ठेवली हेच चुकलं. चालवणारा उजवीकडं बसतो, बॅटरी उजवीकडं आहे. तिकडची कमान थोडी जास्त पाहिजे."

"कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"कुठल्याच नाही."

ते वाकून गाडीची उजवी बाजू बघून आले. मग म्हणाले, "काढ."

उजवा पाटा पुन्हा उतरवला, पुन्हा कमान दिली, पुन्हा चढवला. गाडी जमिनीवर आली ती सपाट. आप्पा तिच्याभोवती दोनदा फिरले, गुडघ्यावर बसून मागून बघितलं. "मला हे सुचलं नसतं," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नव्हे, गाडीकडे बघून. पण म्हणाले.

साहेब गाडी न्यायला आले ते तेविसाव्या दिवशी. गाडी घेऊन शिये फाट्यापर्यंत गेले आणि तासाभरानं परत आले ते ओरडतच. "मेस्त्री! अहो, पाण्यावर चालल्यासारखी चालते! वडील चालवायचे तेव्हासुद्धा अशी नव्हती. कुणी केलं हो हे?"

मी तिथंच उभी होते, हातात ग्रीस पुसायचं फडकं.

"मीच, साहेब," आप्पा म्हणाले.

साहेबांनी हात पुढे केला. आप्पांनी हात दिला नाही. दोन्ही तळवे घट्ट जुळवून, छातीशी दाबून नमस्कार केला. साहेबांना तो विनय वाटला. तळवे तसे का दाबलेत, ते मलाच ठाऊक होतं, आणि म्हणून मला रागच आला नाही. मेळाव्यात सांगतो म्हणालेत. मेळावा आठवड्यावर होता.

मेळाव्याला संपतही आला होता, नव्या सफारीत. पन्नास-साठ गाड्या, फुगे, बँड. हिरव्या गाडीला पहिला नंबर मिळाला. साहेबांनी आप्पांना स्टेजवर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि माईक पुढे केला. आप्पांनी नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. त्यांनी गर्दीत मला शोधलं. आमची नजरानजर झाली.

"हे काम माझ्या हातांनी झालेलं न्हाई," आप्पा म्हणाले.

मी गर्दीत एक पाऊल पुढे सरकले. संपतनं माझ्याकडे वळून बघितलं.

"ही अंबाबाईची कृपा," आप्पा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी तेव्हाही त्यांची बाजू घेतली. स्वतःशीच. एवढ्या लोकांत, मुलीनं केलं म्हटल्यावर कुणीतरी विचारणारच, तुम्ही का नाही केलं? मग हात दाखवावा लागणार. ज्या माणसाची सगळी अब्रू हातात आहे त्यानं हात कसा दाखवायचा? मी घरी येऊन स्वयंपाकाला लागले. शाल घडी घालून ट्रंकेत ठेवली.

पंधरा दिवसांनी साहेब पुन्हा आले, गॅरेजमध्ये. संपत त्या दिवशी घरीच होता, तोही येऊन बसला होता. साहेबांकडे तशा आणखी पाच गाड्या होत्या, त्यांपैकी पांढरी आधी करायची होती. बोलता बोलता मी चहा आणला. आप्पांनी कप उचलला आणि तो बशीवर असा वाजायला लागला की सगळ्यांनी तिकडे बघितलं. चहा सांडून धोतरावर आला.

साहेबांनी हळूच तो कप त्यांच्या हातातून काढून घेतला. भला माणूस होता. "मेस्त्री, हे किती दिवस?"

आप्पांनी मान खाली घातली. "वरीस झालं, साहेब."

"म्हणजे माझी गाडी झाली तेव्हासुद्धा?"

"व्हय."

"मग ती केली कुणी?"

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हात उघडा पडला होता, साहेबांनी तो बघितला होता, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. मी ट्रे खाली ठेवला. सांगते, मी साडी सारखी केली. चारचौघांत आपलं नाव येणार म्हटल्यावर माणूस करतो तशी.

"संपतनं केली," आप्पा म्हणाले. "थोरला माझा. सांगलीहून येऊन-जाऊन."

संपतनं तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे बघितलं नाही. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे, मग गप्प काय बसलास? ट्रॅक्टर कसले विकतोस! निपाणीला ये. सहाही गाड्या तुझ्या ताब्यात. राहायला जागा देतो, वर्कशॉप बांधून देतो."

हातासाठी खोटं बोलतात, असं मी महिनाभर मानत आले होते.

साहेब गेल्यावर आप्पा म्हणाले, "तूबी जा त्याच्यासंगं. त्याच्या घरात ऱ्हा. काम तू बघ, पुढं तो उभा ऱ्हाईल. भाऊच हाय तुझा, परका हाय का?"

"आणि उद्या कुणी विचारलं तर?"

"पोरीनं गाडीखाली झोपून काम केलं म्हणून सांगू? तुझं लगीन व्हायचंय अजून. आणि लोकं मला काय म्हणतील? मुलगा असून मुलीला राबवली?"

"राबवलीत की."

संपत म्हणाला, "शाले, जाऊ दे ना. नावात काय आहे एवढं?"

"मग तुझं नाव कशाला पाहिजे?" मी म्हटलं.

मी गेले नाही. संपत गेला. त्याला अगदीच काही येत नव्हतं असं नाही. लहानपणी शिकलेलं होतं, हात साफ होता. पांढरी गाडी त्यानं सोडली, पाटे उतरवले, कमानी दुसरीकडून घडवून आणल्या. महिना लागला. मार्चमध्ये एका रविवारी तो घरी जेवायला आला. आप्पा बाहेर पारावर बसले होते. मी त्याला वाढत होते.

"शाले," तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "तू होतीस ना तेव्हा आप्पांजवळ. ते रबराचे बुश आवळायचे असतात, त्यात काही विशेष बघायचं असतं का? आप्पांना विचारायला लाज वाटते. म्हणतील, एवढंही येत नाही."

म्हणजे एवढं सगळं समोर ऐकूनही त्याच्या लेखी ते काम आप्पांनीच केलेलं होतं. मी जवळ होते, एवढंच.

मी आमटीत पळी फिरवली. त्याला सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"काही नाही," मी म्हटलं. "घट्ट आवळायचे."

"गाडी वर असतानाच?"

"वर असताना सोपं जातं," मी म्हटलं. आणि त्याच्या वाटीत आमटी वाढली.

यात खोटं काहीच नव्हतं. वर असताना सोपंच जातं.

एप्रिलच्या शेवटी पांढरी गाडी ट्रकवर घालून आमच्या दारात आली. चालवली की मागून कुरकुरायची, प्रत्येक खड्ड्याला ठोके बसायचे. साहेब आले नव्हते, ड्रायव्हरजवळ निरोप होता: मेस्त्रींनी एकदा बघावं, आणि राग मानू नये, पण बाकीच्या गाड्या आता पुण्याला पाठवतोय. संपत ट्रकच्या केबिनमधून उतरला आणि सरळ घरी निघून गेला.

आप्पांना गाडीखाली जाता येत नव्हतं. ते गुडघ्यावर बसले, एका हातात हातबॅटरी धरायचा प्रयत्न केला, जमेना, मग मी धरली. त्यांनी बोट घालून बुश चाचपला. रबराचा भुगा बोटाला लागून बाहेर आला. ते बराच वेळ तो भुगा बघत बसले. आजूबाजूला लेथ चालू होते. शटर सताड उघडं होतं.

"तुला इचारलं हुतं त्यानं?"

"विचारलं होतं."

"काय सांगितलंस?"

"वर असताना सोपं जातं म्हणून सांगितलं."

ते उठायला लागले. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. गाडीचं मडगार्ड धरून, थरथरत, दोन प्रयत्नांत उठले.

"तुला शिकवायलाच नको हुतं," आप्पा म्हणाले.

मला शिकवलं होतं, हे त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं बाहेर पडलं.

दसऱ्याच्या आत गॅरेज बंद झालं. "बळवंत मेस्त्रीच्या घरातला हात गेला," असं उद्यमनगरात बोलायला लागले, आणि नवं काम आलंच नाही. मी शिरोलीच्या एका कारखान्यात लागले, सुटे भाग तपासायच्या टेबलावर. तेवीस वर्षं तिथं काढली. लग्न झालं नाही. आप्पा आणखी आठ वर्षं होते. शेवटची चार वर्षं त्यांना घास तोंडात नेता येत नव्हता. कामावर जायच्या आधी आणि आल्यावर मी भरवायचे. ते तोंड उघडायचे, जेवायचे, डोळे मिटायचे. त्या गाडीबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. एखाद्या वेळी वाटायचं, आज बोलावं. मग वाटायचं, आधी त्यांनी बोलावं. असं करता करता आठ वर्षं गेली.

तेराव्याला बरीच माणसं आली होती. उद्यमनगरातले जुने मेस्त्री, निपाणीहून साहेबांचा मुलगा. आप्पांच्या कामाच्या आठवणी निघाल्या, हिरव्या गाडीची निघाली, आणि मग अर्थातच पांढरीची. संपत पंगतीच्या टोकाला उभा राहून सगळ्यांना आग्रह करत होता. आता त्याचं सांगलीत टायरचं मोठं दुकान आहे.

"काय सांगायचं," तो साहेबांच्या मुलाला म्हणाला, "काम मी अगदी आप्पांच्या पद्धतीनं केलं होतं. ते रबरच खराब निघालं."

साहेबांचा मुलगा म्हणाला, असं होतं कधी कधी. मी भाताचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोर आले, दोघांनाही वाढलं आणि पुढच्या पानाकडे वळले.